रविवारी साडेपाचला रेस असते

माझ्या डोक्यात काही टायमिंग कायमची फिट बसलीयेत. युरोपातली फॉर्म्युला वन (एफ-वन) गाड्यांची रेस म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच, मेलबर्न म्हणजे सकाळी साडेआठ, जपानचं सुझुका अकरा, आणि ब्राझील असलं की रात्री उशिरा, म्हणजे सोमवारी कामावर डोळे तांबडे. आता हे सगळं बदललंय, युरोपातल्या रेसेस साडेसहाला सुरू होतात, तरी रविवारी पाच वाजले की माझी चुळबुळ सुरू होते आणि बायको म्हणते, अहो अजून दीड तास आहे, तोवर दळण तरी आणून टाका.

पुतणीने मध्ये विचारलं, काका तू नाशकात बसून हे कधीपासून बघतोस, इथे तर ट्रॅकपण नाही. तिला तोंडी सांगायला गेलो तर ती पाच मिनिटांत मोबाइलमध्ये घुसली, म्हणून इथे लिहितोय.

आम्ही सातपूरला राहायचो. बाबा मायकोत. आता तिला बॉश म्हणतात, पण नाशकात मायको सर्कल आहे तोवर ती मायकोच. तिथे डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल बनतात आणि बाबांची सगळी नोकरी त्या नोझलपायी गेली. नोझलच्या आत सुई असते, ती सुई आणि तिचं घर यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची, आणि आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलं असावं. त्यामुळे आमच्याकडे गाड्यांबद्दल बोलणं भरपूर व्हायचं पण ते स्पीडबद्दल कधीच नाही, बिघाडाबद्दल. काय घासलं, काय तापलं, कुठे गळालं.

नव्वदच्या दशकात कॉलनीत केबल आली आणि स्टार स्पोर्ट्सवर फॉर्म्युला वन दिसायला लागलं. स्टीव्ह स्लेटरची कॉमेंट्री असायची. इंग्लिश निम्मं डोक्यावरून जायचं, पण त्याचा आवाज चढला की काहीतरी झालंय एवढं कळायचं आणि तेवढं पुरायचं. खरा प्रॉब्लेम केबलवाला होता. त्याच्याकडे चॅनेल कमी, गिऱ्हाईकं जास्त, आणि दुसऱ्या स्पोर्ट्स चॅनेलवर क्रिकेट असलं की तो त्याच नंबरवर क्रिकेट टाकायचा, मग मॅच शारजातली असो की कुठल्या तरी दोन भलत्याच टीमची असो. रेसला दहा लॅप झालेल्या असताना अचानक टीव्हीवर कुणीतरी ग्लोव्ह्ज घालत मैदानात येताना दिसायचा. सायकलवर टांग टाकून त्याच्या दुकानात गेलो की तो पानाचा तोबरा सांभाळत म्हणायचा, अरे त्या गाड्या गोल गोलच फिरतात ना, मॅच संपली की बघ, तिथेच असतील.

आयर्टन सेना, ब्राझीलचा तो मोठा ड्रायव्हर, मला लाइव्ह कधी बघायला मिळाला नाही. १ मे १९९४ ला इमोलाच्या टॅम्बुरेलो वळणावर तो गेला तेव्हा आमच्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, आणि मला फॉर्म्युला वन हा शब्दही नीट माहीत नव्हता. पुढे सगळं वाचलं, जुन्या रेसेस बघितल्या, पण सेनावर जीव टाकणारे जे लोक असतात त्यांच्यात मला कधी बसता आलं नाही. आणि एक सांगतो, आदल्याच दिवशी क्वालिफाइंगमध्ये त्याच ट्रॅकवर गेलेला रोलंड रॅट्झनबर्गर कुणाच्या पोस्टमध्ये दिसत नाही याचा मला दरवर्षी १ मेला राग येतो. बिचाऱ्याचा एफ-वनमधला पहिलाच सीझन होता.

आमच्या गल्लीत रेस बघणारे जे चार-पाच जण होते ते सगळे फेरारीच्या शूमाकरवाले. मी एकटा मॅकलॅरेनच्या हॅकिनेनवाला. का तर माहीत नाही, बहुतेक तो काही बोलायचाच नाही म्हणून. जिंकला तरी चेहरा तसाच, हरला तरी तसाच.

३० ऑगस्ट १९९८, बेल्जियम, स्पा. गणपती बसलेले. पाऊस इतका की टीव्हीवर नुसता पांढरा धूर दिसत होता. सुटले आणि पहिल्या वळणातून बाहेर पडतायत तोच हॅकिनेनच्याच टीममधल्या कुल्टहार्डची गाडी फिरली आणि मागून डझनभर गाड्या एकमेकींत घुसल्या, चाकं वेगळी, पत्रे वेगळे, कोण कुठल्या टीमचा तेही कळेना. रेस थांबली. पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ गेला, जे वाचले ते स्पेअर गाडीत बसून परत आले, हॅकिनेन दुसऱ्या सुरुवातीला पहिल्याच वळणावर गेला, म्हणजे माझा माणूस संपला. आणि हे सगळं लांबल्यामुळे रेसचा ऐन भाग आला आरतीच्या वेळेवर. आईने टीव्ही बंद करायला सांगितला, बाबांनी फक्त आवाज बंद केला. मी टाळ वाजवतोय, तोंड गणपतीकडे, डोळे तिरके. शूमाकर आरामात पुढे होता आणि एक लॅप मागे पडलेल्या कुल्टहार्डला ओलांडून जायचं होतं, त्या फवाऱ्यात त्याला समोरची गाडी दिसलीच नाही आणि गेला सरळ तिच्या मागे घुसून. आरतीच्या मधोमध मी जोरात "अरे!" ओरडलो. आईने टाळ्या न थांबवता माझ्याकडे जे बघितलं ते अजून लक्षात आहे. शूमाकर तीन चाकांवर पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या जागी, आला आणि हेल्मेट काढून तडक मॅकलॅरेनच्या गॅरेजकडे मारामारी करायला निघाला, लोकांनी धरला म्हणून बरं.

प्रसाद वाटून झाल्यावर बाबा रिप्ले बघत बसले. मला वाटलं म्हणतील काय भांडतात हे. बाबा म्हणाले, "त्या टायरमधून पाणी कसं उडतंय बघ. काय बारीक ॲटमायझेशन आहे." म्हणजे शूमाकर तिथे जीव घ्यायला निघालाय आणि आमच्या घरात स्प्रेची क्वालिटी तपासली जातेय. ती रेस डेमन हिलने जिंकली, जॉर्डन टीमची पहिली जीत, दुसरा त्यांचाच राल्फ शूमाकर, या शूमाकरचा भाऊ. बाबांना ते सांगितलं तर हं म्हणाले.

पण त्या दिवसापासून ते माझ्याबरोबर बघायला लागले. कोण जिंकलं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. कंपनीतून सेकंड शिफ्ट करून आले की चप्पल काढता काढता विचारायचे, आज कुणाचं काय गेलं? मग मी सांगायचो की अमुक लॅपला अमुक गाडीतून धूर आला, आणि ते धुराचा रंग विचारायचे. निळसर असेल तर ऑइल, पांढरा असेल तर पाणी. मला त्यामुळे सवय लागली की पुढचे तीन सोडून मागे बाजूला उभ्या राहिलेल्या गाडीकडे नीट बघायचं.

२००० सालची सुझुका आम्ही अशीच शेजारी बसून बघितली. तेव्हा रेसच्या मध्ये पेट्रोल भरायची परवानगी होती, १९९४ ते २००९ चा तो काळ, आणि सगळी गंमत त्यात होती. हॅकिनेन स्टार्टलाच पुढे गेला, तो आणि शूमाकर एकमेकांच्या मागेपुढे, बाकीचं जग कुठेतरी लांब. पेट्रोल-टायरच्या दुसऱ्या स्टॉपला हॅकिनेन आधी आत आला. शूमाकर आणखी तीन लॅप बाहेर राहिला. हलका पाऊस भुरभुरत होता, हॅकिनेनची गाडी पेट्रोलने भरलेली, टायर नवे आणि थंड, आणि शूमाकरची टाकी रिकामी होत आलेली म्हणजे गाडी हलकी. मला वाटत होतं की आपण आधी टायर बदलले म्हणजे आपणच पुढे राहणार. बाबा म्हणाले, "तुझ्यावाल्याच्या गाडीवर आत्ता वजन किती आहे ते धर." आणि शूमाकर पिटमधून बाहेर पडला तो पुढेच. संपलं. १९७९ च्या जोडी शेक्टरनंतर एकवीस वर्षांनी फेरारीचा ड्रायव्हर चॅम्पियन झाला आणि गल्लीत कुणीतरी दिवाळीसाठी आणून ठेवलेली माळ भर दुपारी लावली. मी दार लावून घेतलं.

बार्सिलोना २००१ बद्दल फार लिहीत नाही. शेवटची लॅप, हॅकिनेन भरपूर पुढे, शूमाकरच्या गाडीलाच त्रास होता, आणि शेवटच्या लॅपला अर्ध्याच्या आसपास हॅकिनेनचा क्लच फुटला. बाजूला लावली गाडी. कुल्टहार्डने त्याला आपल्या गाडीवर बसवून पिटपर्यंत आणलं. मी जेवलो नाही. बाबा मात्र खूश, आठवडाभर त्या क्लचबद्दल बोलत होते, कार्बनच्या प्लेटा असतात, किती तापत असतील, ड्रायव्हरला आधी काही जाणवलं असेल का.

मग २००५. नारायण कार्तिकेयन मेलबर्नला जॉर्डनच्या गाडीत बसला आणि पहिल्यांदा शेजारचे लोक आपणहून विचारायला आले, की आपला तो आहे ना, तो कितवा आला? पंधरावा आला हे सांगताना लाज वाटायची, आणि समजावून सांगायचं तर गाडी, इंजिन, टायर, पैसा, सगळं शून्यापासून. क्रिकेटमध्ये बॅट सगळ्यांना सारखीच मिळते, इथे तसं नसतं, हे लोकांना पटतच नाही. आणि त्याचे पॉइंट आले ते नेमके इंडियानापोलिसला. मिशलिनचे टायर तिथल्या बँकिंगच्या, म्हणजे तिरक्या वळणावर टिकत नव्हते, शुक्रवारी राल्फ शूमाकर तिथेच आपटला होता, म्हणून मिशलिनवाल्या चौदा गाड्या रेसआधीची फॉर्मेशन लॅप मारून सरळ आत निघून गेल्या आणि रेस झाली सहा गाड्यांची. फेरारी दोन, जॉर्डन दोन, मिनार्डी दोन. कार्तिकेयन चौथा, पाच पॉइंट, भारतीयाला मिळालेले पहिले. अमेरिकेतले प्रेक्षक बाटल्या फेकत होते आणि मी अर्ध्या रात्री इथे ठरवू शकत नव्हतो की आनंद मानायचा की काय करायचं. दुसऱ्या दिवशी कंपनीत पेढे मागितले लोकांनी. दिले. सहातला चौथा हे काही कुणाला सांगितलं नाही.

टीव्हीवर जे मिळत नाही ते आवाज आणि वास, आणि ते मला आधी एफ-वनमधून नाही, नाशकातल्या डर्ट ट्रॅकमधून मिळालं. थंडीच्या दिवसांत मोकळ्या मैदानावर मातीचे ढीग टाकून ट्रॅक करायचे, टँकरने पाणी मारायचे, पुण्या-कोल्हापूरपासून पोरं टेम्पोत बाइक घालून यायची. आरएक्स हंड्रेड, शोगन, सगळ्या टू-स्ट्रोक. आमच्या ओळखीचा एक गॅरेजवाला काका होता त्र्यंबक रोडला, तो नुसता आवाज ऐकून सांगायचा की याने पोर्टिंग मारलंय, याचं हेड घासलंय, हा दोन राउंडात जॅम होणार. आणि व्हायचा. जळक्या टूटी ऑइलचा वास कपड्यांना लागायचा तो आईला आवडायचा नाही, मला अजून कुठे रस्त्यात जुनी आरएक्स गेली की मान वळते. टेबल टॉपवरून, म्हणजे सपाट माथ्याच्या ढिगावरून, बाइक उडाली की पोरं ओरडायची, पण बघण्यासारखं असायचं ते उतरताना, जो मागच्या चाकावर मऊ उतरला तो पुढच्या वळणापर्यंत एक बाइक खाणार हे नक्की. आता टू-स्ट्रोकचा तो किंचाळता आवाज जवळपास गेलाच. चांगलं झालं हवेसाठी. मला विचाराल तर मी गप्प बसेन.

२०११ ला दिल्लीजवळ बुद्ध सर्किट हा एफ-वनचा ट्रॅक झाला. रेस ३० ऑक्टोबरची, भाऊबीजेच्या लगेच नंतर, बहिणीने घाईघाईत ओवाळलं आणि आम्ही तिघं मित्र नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेसने निजामुद्दीन. डब्यात चिवडा इतका की अख्ख्या कंपार्टमेंटला पुरला. ग्रेटर नोएडाला पोचलो तर सगळीकडे धूळ, अर्धवट बांधकाम, पाण्याच्या बाटल्या गेटवर काढून घेतलेल्या. शुक्रवारी प्रॅक्टिसला ट्रॅकवर कुत्रं आलं होतं त्यावर ट्रेनमध्ये सगळे हसत होते, मला त्यात काही हसण्यासारखं वाटलं नाही, त्या स्पीडला कुत्रं म्हणजे ड्रायव्हरचा जीव.

पण पहिली गाडी समोरून गेली आणि आमच्यातलं बोलणं बंद पडलं. तेव्हा २.४ लिटरचं व्ही-एट इंजिन होतं, अठरा हजार आरपीएम. तो आवाज कानाला ऐकू येतच नाही, छातीत लागतो, दातात लागतो. कापूस घालून गेलेलो, तरी. टीव्हीवर गाडी आली-गेली असं वाटतं कारण कॅमेरा तिच्याबरोबर वळतो. इथे तुम्ही मान वळवेपर्यंत ती ब्रेक मारून झालेली असते, आणि ब्रेक मारणं हे जे काय आहे ते कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही. डोळ्यांना वाटतं आता ही जाणार भिंतीत, आणि शंभर मीटरच्या आसपास ती अचानक स्कूटरच्या स्पीडला. रेस तशी सपक झाली, व्हेट्टेल पोलवरून, म्हणजे सगळ्यात पुढून, निघाला, सगळ्या लॅप्स पुढे, फास्टेस्ट लॅप पण त्याचीच, मग बटन, मग अलोन्सो. हॅमिल्टन आणि मासा नेहमीप्रमाणे एकमेकांना धडकले. सुरुवातीला सिमोन्चेली आणि डॅन व्हेल्डन या रेसरांसाठी एक मिनिट उभे राहिलो, दोघंही त्याच महिन्यात गेलेले. शेवटी झेंडा दाखवायला सचिन आला तेव्हा आख्ख्या स्टँडमध्ये जो आरडाओरडा झाला तो व्हेट्टेलला मिळाला नव्हता. कितीही करा, आपल्याकडे शेवटी क्रिकेटच येतं.

तीन वर्षं झाली ती रेस, तिन्ही व्हेट्टेलनेच जिंकली. मग उत्तर प्रदेश सरकारच्या लेखी हा खेळ नसून करमणूक आहे, त्यामुळे करमणूक कर, इतर टॅक्सची भांडणं, आणि २०१३ नंतर बंद. सर्कस आणि एफ-वन एका रांगेत बसवले. याच्यावर मी पूर्वी भरपूर लिहिलंय, परत नाही लिहीत, बीपी वाढतं.

असो. पण स्पीड म्हणजे काय हे मला दिल्लीत कळलं नाही, दिंडोरी तालुक्यात कळलं.

नाशकात रॅलीचं वेड जुनं आहे. रॅली ऑफ महाराष्ट्र नाशकातून व्हायची, राष्ट्रीय चॅम्पियनशिपमधली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रॅलीत गाड्या एकदम सुटत नाहीत. एकेक गाडी थोड्या थोड्या अंतराने सोडतात, बंद केलेल्या कच्च्या रस्त्यावर, आणि घड्याळाशी रेस. आत दोघं, एक चालवतो, दुसरा शेजारी बसून वहीतून वाचत असतो की पुढे काय येतंय. त्यातली एक स्टेज एका वर्षी माझ्या मामाच्या मळ्याकडच्या रस्त्याने गेली.

तो रस्ता मला पाठ आहे. डांबरी सोडून आत वळलं की मुरूम, आधी पिंपळाजवळचं वळण, मग कॅनॉलचा उंचवटा, आणि कॅनॉल उतरला की लगेच डावीकडे वळून फरशी पूल. लहानपणी बैलगाडीत, मग मामाच्या राजदूतवर मागे बसून, मग माझ्या स्प्लेंडरवर. कॅनॉल पहिल्या गिअरवरच घ्यायचा हे तिथल्या प्रत्येकाच्या हाताला माहीत, कारण पलीकडे काय आहे दिसत नाही, कधी म्हैस, कधी द्राक्षाच्या क्रेटचा टेम्पो.

रॅलीच्या आधी एक गाडी त्या रस्त्याने सावकाश गेली, परत आली, परत गेली. आत दोघं, एक जण सारखा वहीत लिहितोय. मागून तशीच दुसरी. मग तिसरी. ग्रामपंचायतीत पत्र आलं होतं म्हणे, पण ते वाचतो कोण. गावात बोभाटा झाला की मोजणी सुरू झालीय, रस्त्यात जमीन जाणार. मामाने सातबारा काढून पिशवीत घालून ठेवला आणि मला फोन, की ये लगेच. मी गेल्यावर सांगितलं की मामा, ही रेकी आहे, वळणं लिहून घेतायत. मामाला ते पटलं नाही, "आपल्या वळणात लिहिण्यासारखं काय आहे?"

सकाळी लाल-पांढऱ्या पट्ट्या बांधल्या, शिट्टी घेऊन मार्शल पोरं उभी राहिली, आम्ही कॅनॉलच्या पलीकडे, उंचावर बांधाला. आधी सायरन वाजवत झिरो कार गेली, रस्ता मोकळा आहे का बघणारी. मग बराच वेळ काही नाही. मग लांबून आवाज. आवाजावरून मला कळत होतं गाडी कुठे आहे, आता डांबरी सोडली, आता पिंपळ. पिंपळाला आवाज खाली यायला हवा होता, जेमतेम आला. आणि कॅनॉलच्या चढाला मी वाट बघतोय की आता सोडेल, आता ॲक्सिलरेटर सोडेल, त्याने सोडलाच नाही. गाडी वर आली आणि चारही चाकं हवेत. आणि हे मी अगदी जवळून बघितलं, गाडी हवेत असतानाच पुढची चाकं डावीकडे वळलेली होती. पलीकडचा पूल त्याला दिसलेलाच नव्हता. शेजारच्याने वाचून सांगितलं होतं की उंचवटा संपला की लगेच डावीकडे, आणि त्याने त्या वहीवर भरवसा ठेवून न दिसणाऱ्या वळणासाठी हवेतच हात फिरवला होता. खाली आपटली, दगड तळाला खाडखाड लागले, मागचं टोक थोडं सुटलं, आणि फरशीवरून गेली. धूळ आमच्यावर आली तेव्हा ती कुठेतरी पुढच्या मळ्यात होती.

मी आयुष्यभर ज्या रस्त्याने गेलो तो दोन-तीन चकरांत त्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त कळला होता. बुद्ध सर्किटवर तीनशेच्या स्पीडला माझ्याकडे तुलना करायला काही नव्हतं. इथे होतं.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हैस आडवी आली तर?" मी म्हटलं, रस्ता बंद केलाय ना. "म्हशीला सांगितलंय का?"

गावातल्या म्हाताऱ्यांना मात्र रॅली कुणी समजावून सांगावी लागली नाही. पुणे जिल्ह्यातल्या घाटातली बैलगाडा शर्यत त्यांनी बघितलेली, तिथेही एकेक गाडा एकटा पळतो आणि सेकंदावर निकाल, तेव्हा त्या शर्यती कोर्टात अडकून बंद होत्या, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या गाडीपर्यंत बांधावरून "भिर्रर्र झालीऽऽ" सुरू झालं. एक आजोबा मनगटावरच्या एचएमटीवर टाइम घेऊन सांगत होते की लाल गाडी निळीपेक्षा मारते. महिंद्राची एक्सयूव्ही आली तेव्हा आरडाओरडा जास्त, कारण कंपनी नाशिकची. मी सांगितलं की एक्सयूव्ही चाकणला बनते, सातपूरला स्कॉर्पिओ आणि बोलेरो बनतात, पण ते ऐकायला कुणी तयार नव्हतं आणि मलाही फार ताणायचं नव्हतं. रॅली ड्रायव्हर गौरव गिलला पुढे २०१९ ला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टवाल्याला पहिल्यांदाच, एशिया-पॅसिफिक रॅली तीनदा जिंकल्यावर, तेव्हा मामाने फोन करून विचारलं, हा आपल्या कॅनॉलवरून गेलेला का रे?

गाड्या गेल्यावर रस्त्याला खोल चाकोऱ्या पडलेल्या, मामाने ट्रॅक्टरला फळी लावून सपाट केला. संध्याकाळी निघताना मी स्प्लेंडरवर कॅनॉल दुसऱ्या गिअरवर घेतला. बस एवढंच.

आता सगळं फॅनकोड ॲपवर फोनमध्ये येतं, केबलवाला कुठे गेला माहीत नाही. प्रत्येक गाडीचा टायर किती लॅप जुना, कोण कुठे किती सेकंदाने मागे, सगळे आकडे स्क्रीनवर. पुतणीला ड्रायव्हरांच्या गर्लफ्रेंडपासून कुत्र्यापर्यंत सगळं माहीत असतं आणि मला ते नावं ठेवायचं नाहीये, आमच्या वेळी एवढी पोरं-पोरी बघतच नव्हती. आमचं भांडण होतं ते फक्त अबू धाबी २०२१ वरून, चॅम्पियन ठरवणारी शेवटची रेस. लॅटिफी आपटला, सगळ्यांना हळू करणारी सेफ्टी कार आली, आणि रेस डायरेक्टर मासीने मागे पडलेल्या गाड्यांपैकी फक्त हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपनच्या मधल्या पाचच पुढे जाऊ दिल्या, शेवटची एक लॅप मोकळी दिली, हॅमिल्टनचे टायर जुने, व्हर्स्टॅपनचे नवे. ती म्हणते, काका पण शेवटची लॅप काय भारी होती. भारी होती, पण ताटात वाढून दिलेली होती, आणि नियम ज्याच्या हातात असतात त्याने शो चांगला करायचा ठरवलं की मला तिथे बसवत नाही. व्हर्स्टॅपन वर्षभर उत्तम चालवत होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. यावर आमच्या घरी अजून जेवताना आवाज चढतात.

बाबा आता ऐंशीच्या पुढे, मोतीबिंदू काढलाय, मोठ्या टीव्हीवर बघतात. पण त्यांचा इंटरेस्ट गेला होता मध्ये, कारण गाड्या बंदच पडत नाहीत. पूर्वी निम्म्या तरी उभ्या राहायच्या, आता बहुतेक सगळ्या शेवटपर्यंत. पिट स्टॉप तर त्यांना फसवणूक वाटते, २०२३ ला कतारमध्ये मॅकलॅरेनने १.८० सेकंदात चार चाकं बदलली, बाबा म्हणाले एवढ्यात नट हातात घेऊन होत नाही आपला. हैदराबादला २०२३ मध्ये विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई झाली, महिंद्राची टीमही होती, मी कौतुकाने लावली तर पाच मिनिटांनी म्हणाले, आवाज वाढव. म्हटलं फुल आहे. उठून आत गेले.

२०२६ पासून इंजिनाचे नियम नवीन, जवळपास निम्मी पॉवर बॅटरीकडून, पेट्रोलपण वेगळं, ऑडीचं नवीन इंजिन. हे सगळं मी त्यांना वाचून दाखवलं. बॅटरीत त्यांना काडीचा रस नाही, पण सगळंच नवीन म्हटल्यावर पहिल्या वर्षी तीन-चार तरी नक्की जळतील असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मेलबर्नच्या रेसला सकाळी उठवायला सांगून ठेवलं होतं.